शून्य कोठून मोजायचे?

(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

भूगोलाच्या प्रात्यक्षिकात आपण स्थलदर्शक नकाशे वाचतो. समोच्चरेषा कोठे दाटीने आल्या आहेत, कोठे विरळ झाल्या आहेत ते पाहून उतार ओळखायचा, छेद काढायचा आणि वहीवर सरांची सही घ्यायची, एवढाच बहुधा आपला त्या नकाशाशी संबंध असतो. वसई, नालासोपारा आणि तुळिंज हा आपला परिसर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ४७ ए/१५ या पत्रकात येतो. प्रमाण १:५०,०००, दोन समोच्चरेषांमधील अंतर २० मीटर. पूर्वेला तुंगारेश्वराच्या डोंगरावर या रेषा एकमेकींना अगदी खेटून बसल्या आहेत. परंतु डोंगराचा पायथा सोडून पश्चिमेकडे बोट फिरवू लागलो, की एखाददुसरी टेकडी वगळता थेट समुद्रापर्यंत रेषाच भेटत नाही. रेल्वे, वस्ती, वाड्या, मिठागरे, खाजण हे सारे शून्य आणि वीस या दोन आकड्यांच्या मध्ये कोठेतरी आहे.

वीस मीटर म्हणजे सहा-सात मजली इमारत. आम्हा तुळिंजकरांचा पाण्याशी असलेला व्यवहार मात्र फुटांचा आणि इंचांचा आहे. उंबऱ्याच्या खाली पाणी राहिले तर तो नेहमीचा पावसाळा. उंबऱ्यावर चार बोटे चढले तर धान्याचे डबे माळ्यावर, शेगडी खाटेवर आणि आठवडाभर चिखल उपसणे. जुलै २०१८ मध्ये, ९ आणि १० तारखेला, वसई रोड आणि नालासोपारा यांच्या दरम्यान रूळ पाण्याखाली गेले, लांब पल्ल्याच्या गाड्या जागच्या जागी अडकल्या, आणि मिठागरांत राहणारी माणसे पाण्याने वेढली गेली. त्या दोन दिवसांत कोणाचे घर बुडाले आणि कोणाचे वाचले, हे ठरवणारा फरक फूट-दोन फुटांचा होता. तो फरक वीस मीटरांच्या नकाशात कोठून दिसणार?

या प्रश्नाचा पाठपुरावा करताना माझी गाठ ‘अंकीय उंची-प्रतिमान’ या गोष्टीशी पडली. नाव भारदस्त असले तरी कल्पना सोपी आहे. गणिताची चौकटीची वही घ्या. ती नकाशावर पसरली आहे असे समजा, आणि प्रत्येक चौकटीत त्या ठिकाणच्या जमिनीची उंची, एकच आकडा, लिहून ठेवा. झाले प्रतिमान! चौकट ३० मीटरांची असेल तर एका चौरस किलोमीटरमध्ये सुमारे अकराशे आकडे बसतात. समुद्राच्या भागात उंचीऐवजी खोली उणे चिन्हाने लिहायची. एवढे केले की पाणी कोणत्या चौकटीतून कोणत्या चौकटीत उतरेल याचा हिशेब संगणक करू शकतो. पुराचा अंदाज, वादळाच्या लाटेची मजल, सुनामीचा इशारा, बांध कोठे घालावा याचा निर्णय, हे सारे शेवटी या वहीवर उभे असते. जून २०२० मध्ये मुंबईसाठी जी पूर-इशारा यंत्रणा सुरू झाली, तिच्याही मुळाशी पाऊस आणि भरती यांच्या जोडीला अशीच वही आहे.

प्रश्न इतकाच, की हे आकडे आणायचे कोठून?

जमिनीसाठी पहिला मोठा उपाय अवकाशातून आला. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अमेरिकन अवकाशयानाने अकरा दिवस पृथ्वीभोवती फेऱ्या मारून रडारच्या साहाय्याने जगातील सुमारे ऐंशी टक्के भूभागाची उंची मोजली. आपल्या इस्रोने ५ मे २००५ रोजी कार्टोसॅट-१ सोडला. त्यावर दोन कॅमेरे होते, एक पुढे कललेला आणि एक मागे. आपण दोन डोळ्यांनी पाहतो म्हणून आपल्याला खोली कळते. तीच युक्ती येथे वापरली आहे. त्या चित्रांवरून तयार झालेले देशाचे उंची-प्रतिमान हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या ‘भुवन’वरून कोणालाही पाहता येते, आणि आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना ही फारच मोठी सोय आहे.

परंतु त्यांच्या अचूकतेचे आकडे वाचले, की उत्साहाला थोडा आवर घालावा लागतो. अमेरिकन प्रतिमानात उंची पूर्ण मीटरांतच लिहिलेली असते. दीड फुटांचा बांध त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. कार्टोसॅटच्या प्रतिमानाची अपेक्षित अचूकता आठ मीटरांच्या आत अशी आहे. सह्याद्रीचा कडा मोजायचा असेल तर आठ मीटर काहीच नव्हेत. आमच्या चाळीच्या बाबतीत आठ मीटर म्हणजे सबंध चाळ!

त्याहून गमतीची गोष्ट अशी, की वरून पाहणाऱ्या यंत्राला जमीन दिसतच नाही. त्याला दिसतो तो जमिनीवरचा पसारा. खाडीकाठी तिवरांचा शेंडा, वस्तीत इमारतींच्या गच्च्या आणि पत्रे. तुळिंजमध्ये घरे इतकी एकमेकांना लागून आहेत, की यंत्राच्या दृष्टीने येथे वस्ती नसून एक बुटके पठारच आहे. ही चूक नेहमी एकाच दिशेने होते. जमीन आहे त्यापेक्षा उंच वाटते, म्हणजेच सुरक्षित वाटते. २०१९ मध्ये स्कॉट कल्प आणि बेंजामिन स्ट्रॉस या संशोधकांनी ही चूक दुरुस्त करून जगातील किनाऱ्यांचा हिशेब पुन्हा मांडला. जुन्या प्रतिमानाप्रमाणे भरतीच्या पातळीखालील जमिनीवर राहणाऱ्या माणसांची संख्या २ कोटी ८० लाख येत होती. नव्या हिशेबात ती ११ कोटी झाली. समुद्र एका इंचानेही वर आलेला नव्हता, फक्त छपरांची उंची वजा झाली होती. त्या वेळी मुंबईचे जे लाल रंगात बुडालेले नकाशे वर्तमानपत्रांत झळकले, ते याच संशोधनातले.

यावर सध्याचा उत्तम उपाय म्हणजे विमानातून किंवा ड्रोनमधून लेसर किरणांचा मारा करणे. सेकंदाला लाखो किरण सोडले, की काही पानांवर आपटून परततात, काही फटींतून खाली जाऊन मातीला लागून येतात. सर्वांत उशिरा आलेला तो जमिनीचा, असे धरून झाडे आणि घरे वगळता येतात. अचूकता विती-दोन वितींच्या आत येते. खर्च अर्थातच अवाढव्य.

आता समुद्राकडे वळू. जुन्या काळी शिशाचा गोळा दोरीला बांधून खाली सोडत आणि दोरी हातांनी मोजत. दोन्ही हात पसरले म्हणजे एक वाव. खोली सांगताना आपल्याकडचे म्हातारे कोळी अजूनही वावांतच बोलतात. आता हे काम आवाज करतो. जहाजाच्या तळातून ध्वनी सोडायचा आणि तळावर आपटून प्रतिध्वनी येईपर्यंतचा वेळ मोजायचा. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो, त्यामुळे दहा मीटर खोल पाण्यात प्रतिध्वनी सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागात परत येतो. आधुनिक जहाजे एका ध्वनीऐवजी पंख्यासारखे शेकडो ध्वनी एकदम सोडतात आणि तळाची सबंध पट्टी एका फेरीत मोजतात. नौदलाचे राष्ट्रीय जलालेखन कार्यालय देहरादूनला आहे (समुद्राचे कार्यालय हिमालयाच्या पायथ्याशी, हे वाचून मला हसू आले होते). ३ फेब्रुवारी २०२४ रोजी नौदलात दाखल झालेली ‘संधायक’ ही नवी सर्वेक्षण नौका याच कामाची आहे.

येथे एक उलटा न्याय लागू होतो. आपल्याला वाटते खोल समुद्र मोजणे कठीण आणि उथळ सोपे. प्रत्यक्षात एका फेरीत मोजल्या जाणाऱ्या पट्टीची रुंदी खोलीच्या तिप्पट-चौपट असते. चार हजार मीटर खोलीवर जहाज एका फेरीत बारा ते सोळा किलोमीटर रुंदीचा तळ मोजून जाते; चार मीटर खोलीवर जेमतेम बारा ते सोळा मीटर. म्हणजे किनाऱ्याजवळ जावे तसे काम हजारपट संथ होते, आणि शेवटी नौका चिखलात रुतण्याची भीती असतेच. स्वच्छ पाण्याच्या किनाऱ्यांवर हिरव्या लेसरने विमानातूनच तळ मोजता येतो. आपल्याकडे उल्हास आणि वैतरणा या नद्यांचा गाळ भरती-ओहोटीबरोबर दिवसातून चारदा ढवळला जातो. त्या गढूळ पाण्यात हिरवा लेसर हातभर तरी जाईल की नाही, शंकाच आहे.

साऱ्या जगाच्या सागरतळाचा नकाशा करण्याचा उपक्रम मोनॅकोचा राजपुत्र पहिला आल्बर्ट याने १९०३ मध्ये सुरू केला. त्याच परंपरेतली ‘सीबेड २०३०’ ही मोहीम आता चालू आहे. २०१७ मध्ये ती सुरू झाली तेव्हा सागरतळाचा अवघा सहा टक्के भाग नीट मोजलेला होता; जून २०२५ पर्यंत तो २७.३ टक्के झाला. या उपक्रमाची वही कोणालाही मोफत मिळते, पण तिची चौकट साधारण साडेचारशे मीटरांची. जमिनीच्या प्रतिमानातल्या २२५ चौकटी तिच्या एका चौकटीत मावतात. सोपाऱ्याची खाडी, जिच्यातून एके काळी प्राचीन शूर्पारक बंदरात गलबते ये-जा करीत, ती या चौकटीत हरवूनच जाते.

समजा, जमिनीची उत्तम वही मिळाली आणि समुद्राचीही मिळाली. आता दोन्ही कागद किनाऱ्यावर चिकटवले की काम संपले, असे मलाही वाटले असते. परंतु खरी अडचण येथेच सुरू होते, आणि ती मला पुस्तकापेक्षा घरच्या धंद्यामुळे लवकर समजली.

माझे बाबा गवंडीकाम करतात. इमारतीचे काम सुरू होताना पहिल्यांदा एका पक्क्या जागी पातळीची खूण करतात. मग पारदर्शक नळीत पाणी भरून तीच खूण प्रत्येक खांबावर नेतात. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहते. पुढची सारी मापे, खिडकी, लिंटेल, स्लॅब, त्या खुणेपासून. दोन गवंड्यांनी दोन वेगवेगळ्या खुणा धरल्या तर? दोघांचेही काम आपापल्या जागी बिनचूक असेल, आणि दोन खोल्यांच्या मध्ये मात्र पायरी तयार होईल.

जमीन आणि समुद्र मोजणाऱ्यांच्या खुणा अशाच वेगळ्या आहेत. भारताच्या जमिनीची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात. मुंबई, कारवार, मद्रास, कराची अशा नऊ ठिकाणच्या भरतीमापकांच्या नोंदींवरून हे शून्य ठरवले गेले आणि १९०९ मध्ये पक्के झाले. आपल्या नकाशांवरची उंची त्या शून्यापासूनची. नाविकाला मात्र सरासरीशी कर्तव्य नसते. ओहोटीच्या वेळी, पाणी अगदी कमी असतानाही, तळ लागणार नाही ना, एवढेच त्याला पाहायचे असते. म्हणून सागरी नकाशाचे शून्य खूप खाली, मोठ्यात मोठ्या ओहोटीच्या आसपास धरलेले असते. मुंबईच्या अपोलो बंदरावर सागरी नकाशाच्या शून्यापासून सरासरी समुद्रसपाटी २.५१ मीटर वर आहे. म्हणजे सागरी नकाशात एखाद्या जागी ‘खोली २ मीटर’ असे लिहिले असेल, तर जमिनीच्या शून्यापासून ती जागा ४.५१ मीटर खाली आहे.

हा फरक न जुळवता दोन वह्या जोडल्या, तर सारा सागरतळ अडीच मीटर वर उचलला जातो आणि खाडीच्या तोंडाशी एक खोटी पायरी उभी राहते. संगणक बिचारा ती खरी मानतो. त्याच्या हिशेबात पावसाचे पाणी त्या पायरीला अडते, किंवा समुद्राची लाट तेथेच फुटून जाते. बरे, २.५१ हा आकडा पाठ करून सगळीकडे वापरावा तर तेही चालत नाही. मुंबईहून खंबातच्या आखाताकडे जावे तसतसा भरती-ओहोटीतील फरक वाढत जातो, म्हणून वसईच्या खाडीचा आकडा वेगळा आणि वैतरणेचा त्याहून वेगळा. उपग्रहाने मोजलेल्या उंचीचे तर तिसरेच शून्य असते. ते पृथ्वीच्या एका काल्पनिक गुळगुळीत आकृतीवरचे आहे, आणि आपल्या भागात प्रत्यक्ष समुद्रसपाटी त्या आकृतीच्या साठ मीटरांहून अधिक खाली भरते. शिवाय मुंबईच्या पर्जन्यवाहिन्यांच्या आराखड्यांत टाउन हॉलच्या खुणेपासून मोजलेल्या पातळ्या असतात, ते चौथे शून्य. असो.

आता या मापांत आपली जमीन कोठे बसते ते पाहा. अपोलो बंदरावर उधाणाच्या भरतीची सरासरी पातळी सागरी शून्यापासून ४.४२ मीटर, म्हणजेच समुद्रसपाटीपासून १.९१ मीटर वर. दोन मीटर उंचीची जमीन आणि उधाणाचे पाणी यांच्यामध्ये उरते जेमतेम चार बोटांचे अंतर. उधाण आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की नाल्यांचे पाणी खाडीत जाण्याऐवजी जागीच थांबते, हे आपण सगळे जाणतो. अशा ठिकाणी एक मीटरची चूक म्हणजे केवळ नकाशातली चूक राहत नाही. त्याच आकड्यावर विसंबून कोणी मिठागर भरून घेतो आणि कोणी त्यावर तळमजल्याची खोली विकत घेतो.

राहिली मधली पट्टी. भरतीला पाण्याखाली आणि ओहोटीला उघडी. चिखल, तिवरे, मिठागरांच्या कोंड्या, खाजणे. नौका तेथे पोचत नाही, कारण पाणी उथळ. जमिनीचे मोजणीदार तेथे जात नाहीत, कारण पाय रुततो. दोन्ही वह्यांत ही पट्टी कोरीच राहते, आणि मग संगणक दोन्ही काठांवरचे आकडे घेऊन मधले आकडे अंदाजाने भरतो. आपल्याकडे ही पट्टी अरुंद नाही. ओहोटीला पाणी किती दूर जाते ते कळंब-राजोडीला गेलेल्यांनी पाहिलेच आहे.

ही कोरी पट्टी भरण्याची जी युक्ती शास्त्रज्ञांनी काढली आहे, ती मला या साऱ्या विषयात सर्वांत आवडली. पाण्याची कड ही स्वतःच एक समोच्चरेषा असते! ज्या क्षणी उपग्रहाने चित्र घेतले त्या क्षणी भरतीची पातळी किती होती हे ठाऊक असेल, तर चित्रातली पाण्याची कड म्हणजे त्या पातळीची रेषा. वेगवेगळ्या दिवसांची, वेगवेगळ्या पातळ्यांची तीस-चाळीस चित्रे एकावर एक ठेवली, की चिखलावर तितक्याच समोच्चरेषा उमटतात. वीस मीटरांच्या अंतराने नव्हे, वीतभर अंतराने! चिखलात कोणाला उतरावे लागत नाही. समुद्रच दिवसातून चारदा रेघ ओढून देतो.

मात्र आपल्या किनाऱ्यावर यात एक मेख आहे, आणि ती कोणत्याही जुन्या कोळ्याला सांगितली तर तो तात्काळ ओळखेल. अमावास्या-पौर्णिमेला आपल्याकडे पूर्ण भरती दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास येते, आणि मोठी ओहोटी, ज्याला ते सुकती म्हणतात, सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. युरोपीय अवकाश संस्थेचा सेंटिनेल-२ हा छायाचित्रे घेणारा उपग्रह आपल्यावरून नेहमी सकाळी अकराच्या सुमारास जातो. त्यामुळे उधाणाच्या दिवशी त्याला नेहमी जवळजवळ भरलेली खाडीच दिसते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, त्याला ओहोटी मिळते, पण ती भांगाची, अर्धवट. मोठी सुकती त्याच्या नशिबातच नाही. वर्षानुवर्षे चित्रे घेतली तरी पट्टीचा सर्वांत खालचा भाग त्याला कधी उघडा सापडायचा नाही. त्याच संस्थेचा सेंटिनेल-१ हा रडार-उपग्रह मात्र सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या वेळेचा! उधाणाची सुकती नेमकी त्याला गाठता येते, आणि रडार असल्याने पावसाळ्यातले ढगही त्याच्या आड येत नाहीत. दोघांची चित्रे एकत्र केली तरच सबंध पट्टी भरते. पंचांग पाहून उपग्रह निवडावा लागेल, असे मला कधी स्वप्नातही वाटले नव्हते.

आता वही भरली, शून्ये जुळली, छपरे वजा झाली. तरीही तुळिंजचा हिशेब चुकू शकतो, आणि त्याचे कारण आहे रेल्वे. १८६४ मध्ये येथून मुंबईपर्यंत लोहमार्ग गेला तो खाजणांतून आणि खाड्यांवरून, मातीचा भराव घालून. डोंगराकडून येणारे पावसाचे पाणी या भरावाखालच्या मोऱ्यांतून पश्चिमेला जाते. ३० मीटरांच्या चौकटीत भराव अर्धामुर्धा दिसतो आणि मोरी मुळीच दिसत नाही. लेसरने मोजले तर भराव स्वच्छ दिसतो. पण वरून पाहणाऱ्याला भरावाच्या पोटातली मोरी कशी दिसावी? मग संगणकाच्या लेखी तो एक अखंड धरणाचा बांध होतो आणि तो सगळे पाणी पूर्वेला, आमच्या बाजूला, साठवून दाखवतो. म्हणून जाणकार मोरीच्या जागी प्रतिमानात हाताने खाच पाडतात. तशीच खाच महामार्गाखाली, तशीच खाजणाच्या बांधातल्या उघाडीशी. उघाडी तर अधिक अवघड, कारण ती ओहोटीला उघडते आणि भरतीला मिटते. तिच्यासाठी एक आकडा पुरत नाही.

२०१८ च्या पुरानंतर महापालिकेने मुंबईची आय.आय.टी. आणि नीरी या संस्थांकडे पुराच्या कारणांचा अभ्यास सोपवला होता. असा अभ्यास कोणीही करो, त्याला शेवटी या खाचांची यादी लागते. मोरी कोठे आहे, किती रुंद आहे, तिचा तळ रस्त्यापासून किती खाली आहे, आणि आज ती वाहती आहे की प्लास्टिकने बुजली आहे. यातले पहिले तीन आकडे आमच्या गल्लीपुरते आम्ही तिघी मैत्रिणींनी टेप आणि बाबांची नळी घेऊन दिवाळीच्या सुट्टीत मोजले; एकूण सात मोऱ्या भरल्या. चौथा आकडा दर पावसाळ्याआधी नव्याने घ्यावा लागेल.